जेसीबी सगळ्यात शेवटी: बंद कारखान्याच्या जागेतली माती तपासायची कशी, साफ करायची कशी

बंद पडलेली शेड घेताना बेळगावकडचा माणूस उतारा बघतो, ईसी (जागेवरच्या बोजाचा दाखला) काढतो, हेस्कॉम या वीज कंपनीची थकबाकी विचारतो, रस्ता किती फुटी आहे ते पावलांनी मोजून घेतो. त्या फरशीखाली तीस-चाळीस वर्षं काय मुरलं, हे मात्र कुणी विचारत नाही. व्यवहार झाला की दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो, जुना भराव उपसला जातो, टिपर तो कुठल्या तरी सखल शेतात ओततो, आणि एका कोपऱ्यातली घाण तीन ठिकाणी पोचते. नंतर ती गोळा करणं कुणाच्याच खिशाला परवडत नाही.

उद्यमबाग, मच्छे, होनगा, कणबर्गीचं ऑटोनगर किंवा निपाणी-संकेश्वर रस्त्यावरची जुनी शेड विकत वा भाडेपट्ट्यानं घेणाऱ्यांसाठी, तसंच या कामात नव्यानं पडलेल्या इंजिनिअर आणि कॉन्ट्रॅक्टरांसाठी हा क्रम दिला आहे. एखादी पायरी लांबली तरी चालेल, पण गाळू नका.

आधी कागद, मग माणसं

विकणाऱ्याकडून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जुने संमतीपत्र, म्हणजे कन्सेंट, मागून घ्या. उत्पादन कोणतं, सांडपाणी किती, घातक कचरा कोणत्या प्रकारचा, हे सगळं त्यात असतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्याला दरवर्षी फॉर्म ४ भरावा लागतो, तोही मागा. दहा वर्षं क्रोम प्लेटिंग केलं आणि गाळ एकदाही बाहेर पाठवल्याची नोंद नाही, तर तो गाळ आवारातच कुठं तरी आहे असं धरून चाला. केआयएडीबीचा (कर्नाटकच्या औद्योगिक वसाहत मंडळाचा) प्लॉट असेल तर वाटपपत्रात मूळ उद्योग लिहिलेला असतो. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघा. बुजवलेला खड्डा आणि पत्र्याखाली गेलेली उघडी टाकी तिथं हमखास सापडते.

मग जुने कामगार गाठा. उद्यमबागेतल्या शेडचा कामगार अनगोळ, मजगाव, पिरनवाडी या बाजूला चहाच्या टपरीवर भेटतो. “काका, प्रदूषण होतं का?” असं विचारलंत तर ते “नाही” म्हणणार. त्याऐवजी टाकी कुठं होती, धुतलेलं पाणी कुठं सोडायचा, पावसाळ्यात कुठं तुंबायचं, भट्टीची राख कुठं पडायची, कुठला खड्डा कधी बुजवला, एवढं विचारा. उत्तरं मिळतील तशी कच्च्या नकाशावर खुणा करत जा.

कुठल्या धंद्यातून मातीत काय येतं, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. बेळगाव फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि हायड्रॉलिक्सचं गाव आहे, त्यामुळे इथं हीच यादी कामाची.

लोखंडाच्या फौंड्रीतली ग्रीन सँड म्हणजे वाळू, बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी. ती दिसायला काळीकुट्ट असते, पण बऱ्याचदा तेवढी वाईट नसते. रेझिनच्या वाळूत फिनॉल राहू शकतं. कुपोलाच्या (लोखंड वितळवायच्या भट्टीच्या) धुराड्याखालची बारीक राख मात्र वेगळी काढून तपासा. रंगवलेला, जस्त चढवलेला भंगार वितळवला की शिसं आणि जस्त त्या राखेत उतरतं. पितळेच्या फौंड्रीची वाळू लोखंडाच्या वाळूत कधीच मिसळू देऊ नका, कारण तिच्यात तांबं, जस्त आणि शिसं तिन्ही असतात.

हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर हार्ड क्रोम चढवतात. त्या टाकीत लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अॅसिड असतं, आणि त्यातला क्रोमियम षट्संयुजी, म्हणजे सहाच्या रूपातला असतो; पुढे त्याला क्रोम सहा म्हटलं आहे. हे रूप पाण्यात विरघळतं, खोल जातं, आणि त्याची धूळ श्वासातून गेली तर कर्करोग करते. जस्ताच्या जुन्या प्लेटिंगला सायनाइडची टाकी असायची. मशीन शॉपमध्ये कूलंट, हायड्रॉलिक तेल आणि ग्रीस उतरवायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलीन असतं. हे शेवटचं पाण्यापेक्षा जड असल्यानं खडकाच्या भेगांतून थेट खाली उतरतं. फर्नेस ऑइलची जमिनीतली टाकी, बॅटरी उघडायची जागा, जुना ट्रान्सफॉर्मर, अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे या गोष्टीही नकाशावर मांडा.

जागेवर फेरी

ही फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये मारावी. त्या दिवसांत जमीन सुकते, खालचं पाणी केशाकर्षणानं वर चढतं आणि त्यात विरघळलेले क्षार भिंतीवर येऊन वाळतात. क्रोमच्या टाकीमागच्या भिंतीला पायथ्यापासून वीत-दीड वीत उंचीपर्यंत पिवळी, कधी नारिंगीकडे झुकणारी खपली दिसली की ती नुसती ओल नाही. पांढरी खपली बहुतेक साध्या क्षाराची असते. हिरवट-निळी असेल तर निकेल किंवा तांब्याचा संशय घ्या. पिवळ्या खपलीला उघड्या हातानं खरवडू नका. जुलैत गेलात तर हे सगळं धुऊन गेलेलं असतं आणि जागा स्वच्छ वाटते.

फरशीच्या भेगा, गटाराचे सांधे, टाकीच्या पायाचे अॅसिडनं खाल्लेले कोपरे आणि कुंपणापलीकडचा पहिला सखल भाग बघा. आसपासच्या विहिरी आणि बोअर किती आहेत, पाणी कुणी पितं का, शेतीला जातं का, हे लिहून घ्या. पाण्याचा उतार बळ्ळारी नाल्याकडे असेल तर पुढे भातशेती आहे, हे ध्यानात ठेवा.

शेवटी एका कागदावर तीन रकाने करा: घाण कुठं आहे, ती कुठल्या वाटेनं जाते, कुणापर्यंत पोचते. तिन्ही रकाने भरले तरच धोका आहे. पुढचा सगळा खर्च या कागदावर ठरतो.

नमुने कुठून आणि किती

वीस गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे साधारण २,०२० चौरस मीटर. १० मीटरची चौकट आखली तर वीसेक ठिकाणं येतात. त्याशिवाय टाक्या, गटार, शोषखड्डा, तेलाची जागा अशी संशयाची सहा-आठ ठिकाणं वेगळी धरा. संशयाच्या जागी ०–१५ सेंटिमीटर, ५० सेंटिमीटर आणि १ मीटर असे तीन थर घ्या, आणि खाली वास किंवा रंग लागला तर मुरूम येईपर्यंत जा. चौकटीतल्या ठिकाणी वरचा आणि ५० सेंटिमीटरचा थर पुरे.

सगळे नमुने एकदम तपासायला देऊ नका. वरचे थर आधी तपासा, खालचे शीतपेटीत राखून ठेवा, वरचा वाईट निघाला तरच खालचा द्या. यात बराच पैसा वाचतो.

आता नवखे हमखास चुकतात ती गोष्ट. आवाराबाहेरचे, चढाच्या बाजूचे, त्याच जातीच्या मातीचे तीन ते पाच नमुने घ्यायलाच हवेत. बेळगाव-खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती आहे, चिक्कोडी-अथणीकडे काळी. दोन्ही डेक्कनच्या बेसॉल्टमधून आलेल्या असू शकतात, आणि त्यात एकूण क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. जांभ्यात एकूण क्रोमियम किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या पुढे सहज जातं. कॅनडाची औद्योगिक जागेसाठीची मार्गदर्शक पातळी ८७ आहे, आणि आपल्याकडचे सल्लागार अनेकदा तिच्याशीच तुलना करतात. आजूबाजूचा नमुना नसेल तर देवानं दिलेली माती “प्रदूषित” ठरते, किंवा उलट, “इथं असंच असतं” म्हणून खरं प्रदूषण झाकलं जातं.

पाच ठिकाणची माती कालवून एक नमुना करायची शेतीतली पद्धत इथं चालत नाही. एका ठिकाणचे ५०० चार स्वच्छ ठिकाणांत मिसळले की अहवालात १०० येतात आणि खरी घाणीची जागा दिसेनाशी होते. कृषी केंद्रातलं नत्र-स्फुरद-पालाशचं परीक्षणही या कामाला उपयोगाचं नाही.

नमुना काढताना

हाताचा ३ किंवा ४ इंची ऑगर (जमिनीत भोक पाडून माती काढायचा गिरमिट), स्टीलची साधी थापी, प्लास्टिकचे चमचे, बादल्या, ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, नायट्राइल हातमोजे एवढं पुरतं. क्रोमची चकाकी असलेलं किंवा जस्त चढवलेलं हत्यार आणू नका. गॅल्व्हनाइज्ड बादलीत माती ठेवली तर अहवालातलं जस्त बादलीचं असतं.

प्रत्येक भोकानंतर ऑगर साबणाच्या पाण्यानं घासा, साध्या पाण्यानं धुवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओता. दर नमुन्याला हातमोजे बदला. भोकाच्या कडेची खरडलेली माती सोडून मधली घ्या. धातूंसाठी अर्धा किलो माती स्वच्छ पॉलिथिन पिशवीत चालते. तेल आणि सॉल्व्हंटसाठी टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची काचेची बाटली हवी. ती काठोकाठ भरा, कारण रिकामी जागा राहिली की वाफ उडते. सगळे नमुने बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवा. चिठ्ठीवर ठिकाण, खोली, तारीख, वेळ आणि कुणी काढला हे पेन्सिलीनं लिहा, शाई ओल्या पिशवीवर पसरते. दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागेचा, त्याच खोलीचा दुसरा नमुना) द्या आणि तो जोड आहे हे प्रयोगशाळेला सांगू नका.

क्रोम सहाची मातीतली प्राथमिक चाचणी जागेवरच होते. ५० ग्रॅम माती १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात पाच मिनिटं हलवा, निवळू द्या, गाळा. त्यातलं १० मिलिलिटर घेऊन सौम्य सल्फ्युरिक अॅसिडचे दोन थेंब आणि डायफेनिलकार्बाझाइडचे काही थेंब टाका. दहा मिनिटांत जांभळट-गुलाबी रंग चढला तर क्रोम सहा आहे. पिवळसर छटा आली तर तो बहुधा तांबड्या मातीतल्या लोखंडाचा खेळ असतो. रंग आलाच नाही म्हणून सुटलात असं मात्र नाही, कारण न विरघळणारा भाग या चाचणीत पकडला जात नाही. डायफेनिलकार्बाझाइडचं द्रावण तपकिरी झालं असेल तर फेकून द्या.

विहिरीच्या पाण्यातल्या क्रोम सहाची गोष्ट निराळी. नमुना गाळून, अॅसिड न घालता, २४ तासांत प्रयोगशाळेत लागायला हवा. पुण्याला किंवा बेंगळूरला रात्रीच्या बसनं पेटी पाठवायची असेल तर नमुना दुपारी चारनंतर काढा आणि सकाळी घ्यायला माणूस आहे ना याची खात्री आधी करा. शनिवारी पाठवलेली पेटी सोमवारपर्यंत बस डेपोत पडून राहते. इतर धातूंचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरनं गाळून नायट्रिक अॅसिडनं पीएच २ च्या खाली आणतात, मग घाई नसते.

खड्ड्यात किंवा जुन्या टाकीत कुणाला उतरवू नका. आधी गॅस मीटर सोडा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. सायनाइडच्या गाळात अॅसिड किंवा अॅसिडचं पाणी पडता कामा नये, त्यातून निघणारा वायू काही श्वासांत माणूस मारतो. जुन्या प्लेटिंग शॉपमध्ये सायनाइडचं आणि अॅसिडचं गटार एकमेकांच्या शेजारीच असतात.

प्रयोगशाळेला काय सांगायचं

एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढं पुरत नाही. मान्यतेच्या यादीत “माती” आणि तुम्हाला हवा तो घटक दोन्ही आहेत का ते बघा. पाण्याची मान्यता असलेली प्रयोगशाळा मातीचा आकडाही छापून देते. मागणीपत्रात लिहा: शिसं, कॅडमियम, निकेल, तांबं, जस्त, आर्सेनिक आणि एकूण क्रोमियमसाठी अॅसिडमध्ये विरघळवून आयसीपी (धातू मोजायचं यंत्र), क्रोम सहासाठी अल्कलीत काढण्याची अमेरिकेची ईपीए ३०६०ए पद्धत, तेलासाठी टीपीएच (एकूण पेट्रोलियम तेल), आणि पीएच. निकाल कोरड्या मातीच्या हिशेबात, मिलिग्रॅम दर किलो. क्रोम सहाचा नमुना भट्टीत वाळवू नका असंही लिहा. या पद्धतीसाठी नमुना काढल्यापासून ३० दिवसांची मुदत असते.

माती उचलून बाहेर न्यायची वेळ येईल असं वाटत असेल तर टीसीएलपी चाचणी सोबत करून घ्या. मातीतून किती विरघळून बाहेर येतं ते ती सांगते. शिशासाठी हा आकडा लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर ती माती कायद्यानं घातक कचरा ठरते.

अहवाल वाचताना

आधी जोडनमुने बघा. एकाच जागेच्या दोन नमुन्यांत दुपटीचा फरक असेल तर बाकीचे आकडेही तितकेच सैल समजा. मग आवाराबाहेरच्या मातीशी तुलना करा, आणि त्यानंतर नियमातल्या पातळ्यांशी. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत, तेच आता हाताशी ठेवा. जमिनीचा वापर कोणता यावर पातळी बदलते. कॅनडाच्या यादीत शिशाची पातळी (किलोमागे मिलिग्रॅम) शेतीला ७०, राहत्या जागेला १४०, व्यापारी जागेला २६० आणि औद्योगिक जागेला ६०० आहे. म्हणजे ३०० शिसं असलेल्या प्लॉटवर कारखाना चालेल, दुकानं किंवा घरं नाहीत. शेड पाडून लेआउट टाकायचा विचार असेल तर हिशेब इथंच बदलतो.

क्रोम सहाला त्याच यादीत औद्योगिक जागेसाठी १.४ आणि राहत्या जागेसाठी ०.४ इतकी कमी पातळी आहे. त्यामुळे एकूण क्रोमियमच्या आकड्याकडे बघून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका, सहाचा आकडा वेगळा मागा.

“किती साफ म्हणजे साफ” याचं एकच उत्तर नसतं. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, आणि मातीत पारा किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ठेवावा की त्याहून कमी, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. म्हणून लक्ष्याचा आकडा काम सुरू होण्याआधी मंडळाकडून लेखी ठरवून घ्या.

मंडळाला कळवणं

विहीर बाधित असेल, माती घातक ठरत असेल किंवा घाण कुंपणाबाहेर गेली असेल तर मंडळाच्या बेळगाव प्रादेशिक कार्यालयाला कळवा. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या, सोबत नकाशा आणि अहवाल जोडा, पोच घ्या. बरेच जण भीतीनं हे टाळतात. पण विकत घेतेवेळी जागा कशी होती याचा अहवाल तुमच्याकडे नसेल तर उद्या सगळा डाग तुमच्या नावावर लागतो. भाडेपट्ट्याच्या करारात हा अहवाल परिशिष्ट म्हणून जोडायला वकिलाला सांगा.

साफ करण्याच्या पद्धती

क्रोम सहाची एक जागा धरून हिशेब करू. टाकीखालचा भाग ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल, म्हणजे २८.८ घनमीटर. घनमीटरला १.७ टन धरले तर साधारण ४९ टन. खणल्यावर माती फुगते, २५ टक्के धरले तर ३६ घनमीटर, म्हणजे पावणेतेरा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कॉन्ट्रॅक्टर ब्रासवर दर सांगतो आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र टनावर, म्हणून दोन्ही आकडे हाताशी असू द्या. नाहीतर बिलं जुळत नाहीत.

एवढी माती कर्नाटकातल्या दाबसपेटच्या घातक कचरा केंद्रावर न्यायची तर साडेचारशे किलोमीटरचा पल्ला आहे. महाराष्ट्रातलं रांजणगाव जवळ वाटतं, पण राज्याबाहेर विल्हेवाटीला न्यायला दोन्ही राज्यांच्या मंडळांची ना हरकत लागते. कोगनोळी नाक्यावर कागदाविना अडकलेली गाडी ही फक्त ड्रायव्हरची अडचण राहत नाही. गाडी अधिकृत हवी, सोबत फॉर्म १० ची वाहतूकचिठ्ठी हवी, आणि आवारात माती ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जागेवरच क्रोम सहाचं क्रोम तीन करणं. क्रोम तीन जवळजवळ विरघळत नाही आणि जागचा हलत नाही. यासाठी स्वस्तात मिळणारी वस्तू हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट. एक किलो क्रोम सहाला हिशेबानं १६ किलो हिराकस लागतो. आपल्या ४९ टनांत किलोमागे सरासरी २०० मिलिग्रॅम क्रोम सहा असेल तर एकूण ९.८ किलो, त्याला १५७ किलो हिराकस. मातीतला हवेचा प्राणवायू आणि इतर घटक त्यातला बराच खातात, म्हणून तिप्पट, म्हणजे ४७० किलोच्या आसपास लागतो असं समजून चला.

पण आधी बादलीत करून बघा. चार बादल्यांत त्याच जागेची एक-एक किलो माती घ्या. एकीत काही नाही, बाकीच्यांत ३.२, ६.५ आणि १३ ग्रॅम, म्हणजे हिशेबाच्या साधारण एकपट, दुप्पट आणि चौपट हिराकस पाण्यात विरघळवून टाका. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि पाणी सुटू नये इतकी ओल ठेवा. सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तपासणी करा. उरलेलं फेरस प्रयोगशाळेत नमुना काढतानाच क्रोम सहा खाऊन टाकतं आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या क्रोम सहापैकी परत मिळालेला वाटा) ७५ ते १२५ टक्क्यांत आहे का ते अहवालात बघा.

हे काम फसतं त्याची कारणं ठरलेली आहेत. हिराकस ताजा असताना फिकट हिरवा असतो. पोत्यात तांबूस-तपकिरी झालेला म्हणजे गंजलेला माल, त्याची ताकद गेलेली, तो परत पाठवा. काळ्या मातीची ढेकळं न फोडता वरून द्रावण शिंपडलं तर ढेकळाच्या आत सगळं जसंच्या तसं राहतं. चुन्यासारखी स्लॅग (भट्टीतला मळ) मिसळलेली, पीएच ९ च्या वरची माती असेल तर फेरस आधीच बसून जातं. जांभ्यातले मँगनीज ऑक्साइड क्रोम तीनला हळूहळू परत सहा करू शकतात, म्हणून वर्षभरानं पुन्हा तपासावं लागतं. सल्फेट उरतं ते काँक्रीट खातं, म्हणून त्या जागेवर नवा पाया घालताना सल्फेट-रोधक सिमेंट वापरा.

तेलानं बिघडलेल्या मातीला जिवाणू कामाला लावता येतात. शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा, कडेला फूटभर बांध घाला, त्यावर माती ४५ सेंटिमीटर जाडीनं पसरा, वर ताडपत्रीचं छप्पर करा. १० घनमीटर, म्हणजे १७ टन मातीत तेल १०,००० मिलिग्रॅम दर किलो असेल तर १७० किलो तेल झालं, त्यातला कार्बन सुमारे १४५ किलो. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण १००:१०:१ धरलं तर ३१ किलो युरिया आणि २१ किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागतं. ते तीन हप्त्यांत द्या. एकदम टाकलं तर अमोनिया सुटून जिवाणूच मरतात. दर आठवड्याला उलटापालट करा, ओल राखा, पीएच ६ ते ८ मध्ये ठेवा. माती चिकट असेल तर उसाचा चोथा दहा ते वीस टक्के मिसळतात, आपल्याकडे तो भरपूर. पण ताजा चोथा स्वतःच नत्र खातो, वर्षभर कुजलेला घ्या. डिझेल तीन ते सहा महिन्यांत बरंच उतरतं. गिअर आणि हायड्रॉलिक तेल वर्षाच्या पुढे जातं, आणि एका पातळीवर अडून बसतं.

शिसं जळत नाही, कुजत नाही, रूप बदलून निरुपद्रवीही होत नाही. थोडी माती असेल तर उचलून केंद्रावर पाठवा. जास्त असेल आणि वापर औद्योगिकच राहणार असेल तर झाका: आधी रंगीत जिओटेक्स्टाइल, म्हणजे पुढे खणणाऱ्याला इशारा मिळतो, त्यावर ६० सेंटिमीटर स्वच्छ मुरूम किंवा काँक्रीट, आणि पावसाचं पाणी बाहेर काढायचा उतार. वाळा लावून शिसं काढू म्हणणारे भेटतील. वाळा धूप थांबवतो, धूळ बसवतो. शिसं काढायला त्याला पिढ्या लागतील.

ट्रायक्लोरोइथिलीन, सायनाइडचा गाळ आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल, या तिघांत स्वतः हात घालू नका. स्वच्छ माती कालवून आकडा खाली आणणं हीसुद्धा सफाई नव्हे. त्यातून घातक मातीचा ढीग तेवढा मोठा होतो, आणि ते नियमातही बसत नाही.

खणायचा दिवस

दिवाळीनंतर ते मार्चअखेर हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि उघड्या खड्ड्यात साठलेलं पाणी पिवळं झालं की तेही घातक सांडपाणी म्हणून टँकरनं न्यावं लागतं. माती फवाऱ्यानं ओलसर ठेवा, चिखल करू नका. कामगारांना एन-९५ मास्क, नायट्राइल हातमोजे, गमबूट द्या. आवारात विडी, तंबाखू, चहा बंद. हात तोंडाला लागतो तो याच वेळी. कामाचे कपडे घरी जाता कामा नयेत, तिथंच अंघोळीची सोय करा. अॅस्बेस्टॉसचे पत्रे आधी उतरवा, ओले करून, बोल्ट सोडवून. हातोडा मारू नका. टिपरची चाकं गेटवर धुवा आणि ते पाणी अडवा.

वाईट, संशयित आणि स्वच्छ असे तीन ढीग प्लास्टिकच्या कागदावर वेगवेगळ्या जागी ठेवा. संध्याकाळी झाका. ड्रायव्हरला “कुठं तरी टाक” असं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून उतरवायची जागा आधी लेखी ठरवा.

संपलं हे कसं ठरवायचं

खड्डा दिसायला स्वच्छ झाला याला अर्थ नाही. तळाच्या दर २५ चौरस मीटरला एक आणि बाजूच्या दर ६–८ मीटरला एक नमुना घ्या. लक्ष्याच्या वर आला तर त्या कोपऱ्यात आणखी ३० सेंटिमीटर खणा आणि पुन्हा तपासा. निकाल येईपर्यंत खड्डा बुजवू नका, कॉन्ट्रॅक्टर कितीही घाई करो. भरायला आणलेला मुरूमही तपासून घ्या. दुसऱ्या एखाद्या बंद शेडचा भराव तुमच्याकडे येतोय का, हे बघणारं दुसरं कुणी नाही.

पाणी बाधित असेल तर किमान तीन ठिकाणी बोअर किंवा विहीर हवी, म्हणजे पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते कळतं. एक चढाला, दोन उताराला. मेमध्ये आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, दोन वर्षं तपासा. पावसाळ्यात जांभ्याच्या वरच्या थरात पाणी तात्पुरतं अडतं आणि मातीत उरलेलं धुऊन खाली आणतं, त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा जास्त बोलका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५, शिसं ०.०१ आणि निकेल ०.०२ मिलिग्रॅम इतकंच चालतं. वापरात नसलेला जुना बोअर उघडा सोडू नका, बेंटोनाइट-सिमेंटनं तळापासून भरून बंद करा. नाहीतर वरची घाण खाली जायला तो सरळ रस्ता असतो.

झाकलेली जागा असेल तर नकाशावर तिची सीमा, जिओटेक्स्टाइलची खोली आणि तारीख लिहून एक प्रत खरेदीखतासोबत, एक मंडळाकडे, एक शेडच्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. पाइप टाकायला आलेला प्लंबर खरेदीखत वाचत नाही.